कपडा पाक होण्यास पाणी किती गरम असावे?



गेल्या हिवाळ्यात जुम्याच्या नमाजनंतर एक तरुण थांबून राहिला. सर्व मंडळी गेल्यावर त्याने हलक्या आवाजात मसअला विचारला. त्याच्या घरी नवीन वॉशिंग मशीन आली होती आणि तिच्याबरोबर एक वादही आला होता. आई प्रत्येक वेळी ६० अंशांवर कपडे लावी. पत्नीचे म्हणणे असे की ३० किंवा ४० अंश पुरेसे आहेत, विजेचे बिल उगाच वाढते. त्यावर आईचे उत्तर ठरलेले होते : “थंड पाण्यात धुतलेल्या कपड्यांत माझी नमाज होत नाही.” तो बिचारा दोघींच्या मध्ये उभा होता. मी म्हणालो, बाजू कोणाची घ्यायची ते नंतर पाहू. आधी मसअला काय आहे ते समजून घेऊ.

हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. घोटाळ्याचे मूळ शब्दांत आहे. पाक, स्वच्छ आणि निर्जंतुक हे तीन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो, पण ते तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. कपडा पाक आहे की नाही, हे शरीअत सांगते. तो स्वच्छ आहे की नाही, हे डोळे आणि नाक सांगतात. निर्जंतुक असण्याची गरज आहे का, हे घरातील आजारपणावर अवलंबून असते. आईंची चिंता पहिल्या प्रश्नाची होती आणि त्यांनी तिच्यावर उपाय तिसऱ्या प्रश्नाचा योजला होता.

प्रथम पाकीचा विचार करू. आपल्या धुण्याच्या टोपलीतील बहुतेक कपडे मुळात नापाक नसतातच. घाम नापाक नाही. धूळ, चहाचा डाग, हळदीचा किंवा रश्शाचा डाग यांनी कपडा मळतो, नापाक होत नाही. रक्त, मूत्र, विष्ठा अशी नजासत लागल्याची खात्री असेल तरच तो कपडा नापाक ठरतो. केवळ शंकेने नव्हे, कारण शंकेमुळे खात्री नाहीशी होत नाही, हा फिकहचा सर्वमान्य नियम आहे.

आता नजासत खरोखरच लागली असेल तर काय करावे? हजरत अस्मा बिन्त अबू बक्र (रजि.) यांची रिवायत बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका स्त्रीने पैगंबर मुहम्मद (स.) यांना विचारले की मासिक पाळीचे रक्त कपड्याला लागले तर काय करावे. आपण (स.) यांनी जे सांगितले त्याचा आशय असा : ते खरवडून काढावे, पाणी घालून बोटांनी चोळावे, मग धुवावे आणि त्याच कपड्यात नमाज अदा करावी. येथे पाण्याचा उल्लेख आहे, ते तापवण्याचा नाही. सुनन अबू दाऊदमध्ये हजरत खौला बिन्त यसार (रजि.) यांचा प्रसंग येतो. त्यांच्याजवळ एकच कपडा होता. धुऊनही रक्ताचा डाग गेला नाही तर काय, असे त्यांनी विचारले तेव्हा पाण्याने धुणे पुरेसे आहे, उरलेल्या खुणेने काही बिघडत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की त्या कपडा धुऊन देत आणि पैगंबर (स.) नमाजसाठी बाहेर पडत, तेव्हा पाण्याची ओल त्यावर दिसत असे.

फुकहांनी या रिवायतींवरून नियम बांधले. दिसणारी नजासत असेल तर ती नाहीशी होईपर्यंत धुवावे. मूळ वस्तू निघाली आणि सहज न जाणारा रंग किंवा वास मागे राहिला तर तो माफ आहे. दिसत नसलेली नजासत हनफी मतानुसार तीन वेळा धुऊन, दर वेळी पिळून दूर होते. शाफिई मतानुसार तिच्यावरून एकदा पाणी वाहून जाणे पुरते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ‘फतावा आलमगीरी’त हा मसअला नावानिशी आला आहे : न निघणाऱ्या डागासाठी साबण वापरण्याचे किंवा आगीवर तापवलेले पाणी वापरण्याचे बंधन कोणावरही नाही. ज्या बादशहाच्या आज्ञेने हा ग्रंथ सिद्ध झाला, त्याची कबर आपल्याच खुलताबादेत आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या उलमांपुढेही, असे दिसते, हाच प्रश्न घेऊन कोणीतरी उभे राहिले असावे.

मशीनच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी अवश्य हवी, आणि तिचा उष्णतेशी संबंध नाही. नापाक कपडा इतर कपड्यांबरोबर तसाच टाकला तर ड्रममधील थोड्या पाण्यातून नजासत सर्वांना लागते. म्हणून नजासत लागलेला भाग आधी नळाखाली धरून चोळावा, वाहत्या पाण्याने ती निघून गेल्याची खात्री करावी, पिळावा आणि मग मशीनमध्ये टाकावा. कोकणातील आपल्या शाफिई बांधवांसाठी तर हीच पद्धत योग्य, कारण त्या मतानुसार पाणी कपड्यावर ओतले जावे लागते; नापाक कपडा थोड्या पाण्यात बुडवून चालत नाही. दोन मिनिटांचे हे काम ६० अंशांच्या दोन तासांहून अधिक खात्रीचे आहे.

आता स्वच्छतेकडे वळू. आजच्या अनेक धुलाई पावडरींत व द्रावणांत विकरे असतात. ती रक्त, दूध, अन्न यांच्या डागांतील प्रथिने, पिष्ट व स्निग्ध पदार्थ तोडतात. या कामास ३० ते ४० अंश उष्णता साधारणतः पुरते. पाणी फार तापले तर बहुतेक विकरे निकामी होतात. रक्ताचा डाग गरम पाण्यात टाकला तर त्यातील प्रथिने गोठून धाग्यात घट्ट बसतात, हे आपल्या आजींना कोणी न शिकवताही ठाऊक होते. (यावरून “विज्ञानाने हदीस सिद्ध केली” असे कृपया कोणी म्हणू नये. हदीसला त्या दाखल्याची गरज नाही, आणि पाकीचा नियम विकरांवर उभा नाही.) तूप-तेलाच्या डागाला मात्र थंड पाणी कमी पडते, तेथे ४० अंश योग्य. हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकावा, ऊनच तो फिका करते. पावडर थंड पाण्यात नीट विरघळत नसेल तर आधी मग्यात विरघळवून घ्यावी. काळा बुरखा कमी उष्णतेत अधिक दिवस काळा राहतो, हा लाभ वेगळाच.

खर्चाचा हिशेब कोणासही करता येईल. एक लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि विजेचे एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. मशीन १५ लिटर पाणी तापवते असे धरा आणि टाकीतील पाणी २५ अंशांचे धरा. ते ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.६१ युनिट लागते, ४० अंशांवर नेण्यास ०.२६ आणि ३० अंशांसाठी जेमतेम ०.०९. रोज एक धुणे असेल तर ६० ऐवजी ३० अंश ठेवल्याने महिन्यास १५ युनिटांहून अधिक वाचतात. ज्यांच्या मशीनला हीटर नाही आणि जे गिझरचे पाणी बादलीने ओततात, त्यांची २० लिटरची एक बादली ६० अंशांपर्यंत तापवण्यास ०.८ युनिट लागते.

“बिल आम्ही भरतो, मग इस्राफ कसा?” असे कोणी म्हणेल. पण इस्राफ म्हणजे दुसऱ्याचे उधळणे नव्हे. स्वतःच्या हलाल वस्तूचाही गरजेपलीकडे केलेला वापर म्हणजे इस्राफ. पवित्र कुरआनने सूरह आराफमध्ये खाण्यापिण्याची मोकळीक देतानाच उधळपट्टीस मनाई केली. पैगंबर (स.) एका मुद पाण्यात, म्हणजे साधारण लिटरभराच्या आतबाहेर, वुजू करीत, ही सहीह रिवायत आहे. वाहत्या नदीकाठीही वुजूत पाणी उधळू नये, ही इब्न माजामधील हदीस आपण वारंवार ऐकतो; तिच्या सनदीत दुर्बलता आहे, परंतु आशयास इतर पुराव्यांचे बळ आहे. आणि वीज तर केवळ आपल्या पैशांची नसते. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ येथील केंद्रांत ती कोळसा जाळून तयार होते. त्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. राख आणि धूर त्या केंद्रांच्या शेजारी राहणाऱ्यांच्या वाट्याला येतो.

आजारपणाचा नियम निराळा. घरात कोणास उलट्या-जुलाब झाले असतील, तर त्याच्या चादरी, टॉवेल व आतील कपडे ६० अंशांवर धुवावेत. खरजेच्या रुग्णाचे कपडे ५० अंशांहून अधिक गरम पाण्यात धुवावेत. येथे उष्णता गरज आहे आणि गरजेचा खर्च इस्राफ होत नाही. बिल वाचवण्यासाठी घरच्यांना रोगाच्या तोंडी देणे हे दीन नव्हे.

त्या तरुणास मी आणखी एक सांगितले. हा मसअला आईच्या तोंडावर फेकू नकोस आणि पत्नीला जिंकल्याचा आनंदही होऊ देऊ नकोस. आईंची काळजी नमाजची आहे, ती मोलाची आहे. एक दिवस त्यांच्यासमोर नजासत लागलेला कपडा स्वतः नळाखाली धुऊन दाखव, मग तो ३० अंशांवर लाव. काही आठवड्यांनी तो भेटला. आई आता ४० वर आल्या आहेत. जानमाज आणि नमाजचा दुपट्टा मात्र अजून वेगळा, हाताने, नळाच्या साध्या पाण्यात धुतात.

त्याची एक तक्रार होती : कमी उष्णतेमुळे मशीनला कुबट वास येऊ लागला. हे होते. ड्रममध्ये साबणाचा व मळाचा थर साचतो. महिन्यातून एकदा रिकामी मशीन ६० अंशांवर चालवावी, दाराचे रबर पुसावे आणि धुणे झाल्यावर दार थोडे उघडे ठेवावे.