लहानपणी वृषणाचं ऑपरेशन झालंय? पहिला खर्च कशावर कराल

लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं आणि दिवस राहिले नाहीत, की तपासण्या सुरू होतात त्या सुनेच्या. सोनोग्राफी, हार्मोन्स, गर्भनलिकांचा एक्स-रे. त्यातच हजारो रुपये जातात. नवऱ्याचं लहानपणी न उतरलेल्या वृषणाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर आधी त्याची वीर्यतपासणी करा. खासगी लॅबमध्ये ती साधारण ५०० ते १,५०० रुपयांत होते.

एकाच बाजूचा दोष असेल तर फार घाबरू नका, असे बहुतेक पुरुष बाप होतात. दोन्ही बाजूंचा असेल तर मात्र अडचणीची शक्यता बरीच वाढते. म्हणून जुने कागद शोधा आणि ऑपरेशन कोणत्या बाजूचं, कितव्या वर्षी झालं ते पाहा. ६ ते १८ महिन्यांच्या वयात झालेलं उत्तम.

नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना घरून नेणार असाल तर लॅबने दिलेली डबी शर्टाच्या आत, अंगाजवळ धरून तासाभरात पोहोचवा. साधा कंडोम वापरू नका, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही संदर्भाची खालची मर्यादा आहे. आकडा त्याखाली आला तरी लगेच आयव्हीएफचं पॅकेज घेऊ नका. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि मधल्या एका तापानेही संख्या घसरते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

दुसऱ्यांदाही कमी आला तर रक्तातल्या एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या हार्मोन्सची तपासणी करा, दोन्ही मिळून हजार-दोन हजार रुपये. आणि कुणी 'ताकदीसाठी' टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर साफ नाही म्हणा. त्याने शुक्राणू बनणंच थांबतं.

वीर्यात शुक्राणू अजिबात नसले तरी काहींच्या वृषणातून ते सूक्ष्म शस्त्रक्रियेने काढता येतात. पुढे इक्सी, म्हणजे एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची आयव्हीएफमधली पद्धत. एका फेरीला दीड ते अडीच लाख रुपये धरा. शस्त्रक्रिया, इंजेक्शनं, गोठवण यांचे पैसे वेगळे द्यावे लागतील का, हे लेखी मागा. बहुतेक आरोग्य विम्यांत वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात.

एक तपासणी फुकट आहे. न उतरलेल्या वृषणाचा दोष असलेल्या पुरुषांना वृषणाच्या कॅन्सरचा धोका ऑपरेशननंतरही थोडा जास्त राहतो. महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी हाताने चाचपून पाहा. न दुखणारी टणक गाठ लागली तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून युरोलॉजिस्टला दाखवा.