एपीआयची गती आणि सुसंगती : यूपीआयच्या अनुभवाचा धडा

मुंबई येथे ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर डॉ. रघुराम राजन यांच्या हस्ते ‘युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस’ अर्थात यूपीआय या व्यवस्थेचा प्रायोगिक प्रारंभ झाला. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था ही व्यवस्था चालविते. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात तिच्याद्वारे झालेल्या व्यवहारांची संख्या दोन हजार कोटींच्या पुढे गेली. म्हणजे दिवसाला सरासरी सुमारे ६४ कोटी व्यवहार झाले. हा सारा पसारा संगणक-प्रणालींनी परस्परांना केलेल्या विचारणा आणि त्यांना मिळालेली उत्तरे यांवर उभा आहे. या विचारणा-उत्तराच्या ठरलेल्या पद्धतीस ‘एपीआय’ असे म्हणतात. शासनाच्या बहुतेक सेवा आता अशाच पद्धतीने परस्परांशी जोडल्या जात असल्याने या विषयाची मूलतत्त्वे प्रशासनातील सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

विहित नमुना आणि आवक क्रमांक

एका कार्यालयास दुसऱ्याकडून माहिती हवी असल्यास विहित नमुन्यात पत्र जाते, त्यास आवक क्रमांक पडतो आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर येते. पत्र पाठविणाऱ्यास दुसऱ्या कार्यालयातील कपाटांची रचना ठाऊक असण्याची गरज नसते. एपीआयचे कार्य नेमके असेच चालते. काय विचारता येईल, कोणत्या स्वरूपात विचारावे आणि उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल, हे आधीच निश्चित केलेले असते. ग्रामपंचायतीच्या कारभारासाठीची ई-ग्रामस्वराज प्रणाली आणि केंद्र शासनाची सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली यांची जोडणी हे याचे परिचित उदाहरण होय.

यूपीआयमधील एका व्यवहाराचा प्रवास पाहिल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ग्राहकाने भ्रमणध्वनीवर रक्कम व गुप्त क्रमांक भरला, की विनंती मध्यवर्ती यंत्रणेकडे जाते. ती ग्राहकाच्या बँकेस रक्कम वजा करण्यास सांगते. होकार येताच ती विक्रेत्याच्या बँकेस रक्कम जमा करण्यास सांगते आणि अखेरीस निकाल दोघांसही कळविते. या साखळीतील एकही दुवा मंद झाला, तर सारा व्यवहार रेंगाळतो.

तिसरी अवस्था

व्यवहार यशस्वी होतो किंवा अयशस्वी, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तिसरीही एक अवस्था संभवते : रक्कम वजा करण्याचा आदेश गेला, पण उत्तर मुदतीत परत आले नाही. आदेश पोहोचलाच नाही, की पोहोचून अंमलात आला आणि केवळ उत्तर वाटेत अडकले, हे विचारणाऱ्या यंत्रणेस सांगता येत नाही. ‘उत्तर नाही’ याचा अर्थ ‘नकार’ असा घेऊन तोच आदेश नव्याने दिला, तर ग्राहकाचे पैसे दोनदा जाण्याचा धोका उत्पन्न होतो.

यावरील उपाय कार्यालयीन व्यवहारात जुनाच आहे. प्रत्येक विनंतीस एकमेव क्रमांक द्यावयाचा आणि त्याच क्रमांकाची विनंती पुन्हा आल्यास नवी कार्यवाही न करता आधीचा निकालच कळवावयाचा. एकच अर्ज दोनदा आला तरी दाखला एकच निघावा, तसे हे आहे. हे तत्त्व पाळणाऱ्या एपीआयला विनंती पुन्हा पाठविणे निर्धोक असते. न पाळणाऱ्या एपीआयची गती कितीही असली, तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

स्मरणपत्रांचा पूर

मार्च व एप्रिल २०२५ मध्ये यूपीआयच्या सेवेत काही वेळा खंड पडला. १२ एप्रिल रोजीच्या खंडाची कारणे तपासली असता, काही बँकांकडून ‘व्यवहाराची स्थिती काय’ अशा विचारणा अतोनात प्रमाणात, जुन्या व्यवहारांबाबतसुद्धा, होत राहिल्याचे आढळून आले.

एखाद्या कार्यालयात निर्णयास विलंब झाला म्हणून दर तासाला स्मरणपत्रे येऊ लागली, तर लिपिकाचा दिवस स्मरणपत्रांची नोंद करण्यातच जातो आणि मूळ प्रकरणे आणखी मागे पडतात. विलंबामुळे विचारणा वाढतात आणि वाढलेल्या विचारणांमुळे विलंब वाढतो. संगणकाच्या बाबतीत हे चक्र काही मिनिटांत पूर्ण होते.

त्यानंतर योजिलेले उपाय बोधप्रद आहेत. १६ जून २०२५ पासून रक्कम अदा करण्याच्या विनंतीस उत्तर देण्याची मुदत ३० सेकंदांवरून १५ सेकंदांवर आणि व्यवहाराच्या स्थितीबाबतची मुदत ३० वरून १० सेकंदांवर आणण्यात आली. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपमधून खात्यातील शिल्लक दिवसातून जास्तीत जास्त ५० वेळा आणि जोडलेल्या खात्यांची यादी २५ वेळा पाहण्याची मर्यादा घालण्यात आली. प्रलंबित व्यवहाराची स्थिती तीनच वेळा व दोन विचारणांत ९० सेकंदांचे अंतर ठेवून विचारावी, असे ठरले. ठरावीक तारखेस आपोआप होणारी वसुली सकाळी १० ते दुपारी १ व सायंकाळी ५ ते रात्री ९.३० या गर्दीच्या वेळा टाळून करण्याचे निर्देश देण्यात आले. शिवाय प्रत्येक व्यवहारानंतर बँकेने उरलेली शिल्लक स्वतःहून कळवावी, असेही सांगण्यात आले. हा शेवटचा उपाय विशेष महत्त्वाचा होय. कारण माहिती आधीच हाती पडली, की ती विचारण्याचे कारणच उरत नाही.

सरासरीचा फसवेपणा

गती मोजताना केवळ सरासरीवर विसंबणे योग्य नाही. शंभर विनंत्यांपैकी ९९ विनंत्यांना प्रत्येकी एक सेकंद आणि एका विनंतीस ३० सेकंद लागले, तर सरासरी १.२९ सेकंद येते. अहवालात हा आकडा उत्तम दिसतो. परंतु खिडकीपाशी ताटकळलेल्या त्या एका नागरिकाची व्यथा त्यात दिसत नाही. एका सेवेसाठी दहा वेगवेगळ्या विचारणा कराव्या लागत असतील आणि प्रत्येक विचारणा शंभरात एकदा रेंगाळत असेल, तर शंभर नागरिकांपैकी सुमारे नऊ ते दहा जणांना विलंब सोसावा लागतो. म्हणून सर्वांत मंद उत्तरांची वेगळी नोंद ठेवावी आणि दहा विचारणांचे काम दोन-तीन विचारणांत कसे भागेल, हे आधी पाहावे.

सुसंगतीचे दोन पैलू

सुसंगतीचा पहिला पैलू स्वरूपाचा. ०५-०४-२०२५ ही तारीख एका प्रणालीस ५ एप्रिल, तर दुसरीस ४ मे वाटू शकते. प्रथम १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकानुसार वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ती लिहिल्यास संदिग्धता राहत नाही. गावांच्या नावांचेही तसेच. पिंपळगाव नावाची गावे राज्यात अनेक आहेत. म्हणून नावाऐवजी स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक वापरणे इष्ट.

दुसरा पैलू आशयाचा. एकाच प्रश्नास दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळता कामा नयेत. गती वाढविण्यासाठी माहितीची प्रत जवळ ठेवण्याची पद्धत आहे. पण प्रत शिळी होऊ शकते. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेले आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेले एक तत्त्व येथे मार्गदर्शक ठरते. अनेक ठिकाणी विखुरलेल्या प्रणालीतील संपर्क तुटला असता, प्रत्येक विचारणेस उत्तर देणे आणि ते उत्तर सर्वत्र एकसारखे राखणे, या दोन्ही गोष्टींची हमी एकाच वेळी देता येत नाही. तेव्हा कोठे काय सोडावयाचे, हे आधी ठरवावे लागते. बँकांची यादी कालची असली तरी चालेल. खात्यातील शिल्लक कालची चालणार नाही. तेथे चुकीच्या उत्तरापेक्षा ‘थोड्या वेळाने प्रयत्न करावा’ हे प्रामाणिक उत्तर श्रेयस्कर.

जबाबदारी कोणाची

एखादी प्रणाली स्वीकारताना अधिकाऱ्यांनी काही साधे प्रश्न अवश्य विचारावेत. उत्तराची कमाल मुदत किती? तीच विनंती दोनदा आल्यास काय होईल? गर्दीच्या वेळी कोणती कामे पुढे ढकलली जातील? सेवा बंद असल्यास नागरिकास कोणत्या शब्दांत कळविले जाईल? हे प्रश्न विचारण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

नागरिकांसही काही गोष्टी सांगावयास हव्यात आणि शिक्षक व पंचायत सदस्य हे कार्य उत्तम रीतीने करू शकतील. व्यवहार प्रलंबित दिसल्यास घाईने पुन्हा पैसे पाठवू नयेत; व्यवहाराचा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या निर्देशांनुसार, एका व्यक्तीने दुसरीस पाठविलेली रक्कम खात्यातून वजा होऊनही समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती फार तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत मिळावयास हवी. त्यापुढील विलंबास दिवसाला १०० रुपये भरपाई देय आहे. दुकानदारास दिलेल्या रकमेबाबत ही मुदत पाच दिवसांची आहे.

यंत्राची गती वाढविणे हे अभियंत्यांचे काम खरे. परंतु उत्तर वेळेवर, एकसारखे आणि सत्य मिळावे, ही अपेक्षा नोंदविणे आणि तिचा पाठपुरावा करणे हे प्रशासनाचे कर्तव्य होय. हातावर पोट असलेल्या मजुराच्या खात्यातून गेलेले दोनशे रुपये कोठे आहेत, याचे उत्तर त्यास विनाविलंब मिळाले, तरच या व्यवस्थेवरील त्याचा विश्वास टिकून राहील.