दुकानाचा उंबरठा आणि सदसद्विवेकबुद्धी : एक अभ्यास

वसतिगृहातून शिकून बाहेर पडणारा प्रत्येक विद्यार्थी नोकरीच करील असे नाही. कुणी अर्धापुरात किराणा दुकान टाकतो, कुणी नांदेडला केशकर्तनालय चालवितो, कुणी केळीच्या व्यापारात उतरतो. त्या प्रत्येकापुढे एक प्रश्न केव्हातरी उभा राहतो : दुकान माझे, श्रद्धा माझी, मग गिऱ्हाईक निवडण्याचा अधिकार माझा का नसावा? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे संविधानाच्या व धम्माच्या आधारे करीत आहोत.

अनुच्छेद २५ सदसद्विवेकबुद्धीचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य देतो. मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदी यांच्या अधीन आहे. त्या इतर तरतुदींतच अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ येतो. अनुच्छेद १५(२) ही तेथेच आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांत कोणालाही प्रवेश नाकारता येत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयाचा असून त्यात सेवा देणारेही येतात, असे स्पष्ट केले.

नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ मध्ये हाच अर्थ दिसतो. फेरीवाला, हातगाडी, लाँड्री, केशकर्तनालय हे सर्व तेथे ‘दुकान’ आहे. कलम ६ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून माल वा सेवा नाकारणे हा गुन्हा आहे; इतरांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी व ज्या अटींवर माल मिळतो, तसाच तो मिळाला पाहिजे. म्हणजे चहा दिला, पण कप वेगळा ठेवला, तरी कायदा मोडलाच.

हा कायदा कठोर का, याचे उत्तर इतिहासात आहे. १९२७ मध्ये महाडच्या तळ्याचे पाणी नाकारणारेही धर्माचाच दाखला देत होते. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा कोण घेणार, हाच प्रश्न होता. राजर्षी शाहू महाराजांनी स्वतः तेथे चहा घेऊन त्याचे उत्तर दिले.

मग दुकानदाराच्या विवेकाला जागाच नाही काय? आहे. वणिज्जा सुत्तात भगवान बुद्धांनी उपासकाला शस्त्र, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला. येथे नकार वस्तूला आहे, माणसाला नाही. मद्य न विकणारा बौद्ध दुकानदार ते कोणालाच विकत नाही. त्यात भेदभाव नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये बेलफास्टच्या एका बेकरीच्या खटल्यात असाच भेद केला. केकवर समलिंगी विवाहाच्या समर्थनाचा मजकूर लिहिण्यास बेकरीने नकार दिला होता. हा नकार मजकुराला आहे, ग्राहकाला नाही, असे न्यायालयाने ठरविले.

एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. १९५५ च्या अधिनियमातील शिक्षा अस्पृश्यतेपुरतीच आहे. अनुच्छेद १५(२) मात्र सर्वांना बांधतो, आपल्यालाही. ज्यांच्या आजोबांना दुकानाबाहेर उभे राहून लांबूनच माल घ्यावा लागला, त्यांच्या नातवाने गल्ल्यावर बसल्यावर समोरच्याची जात वा धर्म विचारणे शोभणारे नाही. काय विकावे, हे विवेकाने ठरवावे; कोणाला विकावे, हे संविधानाने ठरवून ठेवले आहे.