चि. प्राजक्तास, नववीच्या वर्गाविषयी

हातकणंगले



काल ताईचा फोन आला होता. तुझी नोकरी, एसटीच्या वेळा, खोलीचं भाडं असं सगळं सांगून झाल्यावर ती सहज म्हणाली, की प्राजू आता नववीला प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देते आणि पोरं ती उतरवून घेतात. वर तू असंही म्हणालीस म्हणे, की या पोरांना शिकून तरी काय करायचंय, शेवटी मागावरच जाणार. ऐकीव गोष्टीवरून माणसाला बोल लावू नये, हे मला कळतं. पण पत्र लिहिल्याशिवाय राहवेना. उत्तरं लिहून देण्याचं एकवेळ समजू शकतो, नव्या शिक्षकावर पोर्शन संपवण्याचा ताण असतोच. ते दुसरं वाक्य मात्र तुझ्या तोंडी शोभत नाही. आप्पांनी इचलकरंजीत माग चालवूनच ताईला आणि मला शिकवलं, हे तुला नव्याने सांगायला हवं का?

मुलं तासाला कंटाळतात, हे तुझं म्हणणं खरं असणार. त्यावर सहसा दोन उपाय सुचवले जातात. एक म्हणजे गाणी, विनोद, चॉकलेटं आणि मोबाइलवरचे व्हिडिओ लावून तास गोड करायचा. दुसरा म्हणजे कंटाळा गृहीत धरून उत्तरं उतरवून द्यायची आणि मोकळं व्हायचं. दोन्ही उपायांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की विषयात मुळात गोडी नाहीच. ती मला मान्य नाही. मुलांना विषयाचा कंटाळा येत नाही, न समजण्याचा येतो. 1993 साली प्रा. यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्यावर अहवाल दिला, तेव्हा त्यांनी नेमकं हेच सांगितलं होतं, की पाठीवरच्या वजनापेक्षा न कळण्याचं ओझं जास्त घातक असतं. जे कळलेलं नाही ते सुंदर अक्षरात उतरवून घेताना मुलाचा हात चालतो, पण डोकं बसून राहतं. चौदा वर्षांच्या पोराला तासन्‌तास डोकं बंद ठेवून बसायला लावलं तर ते एकतर पेंगेल, नाहीतर खोड्या काढेल. दोन्हीबद्दल मी त्याला दोष देणार नाही.

आपल्याच जिल्ह्यात याचा पुरावा आहे. लीलाताई पाटलांनी शिक्षकांना घडवण्यात उमेदीची वर्षं घालवली आणि मग 1985 साली कोल्हापुरात 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केलं. तिथला आनंद वरून शिंपडलेला नव्हता. परिसरातली माणसं, त्यांची कामं, बाजार, झाडं हाच अभ्यास, आणि मुलांनी स्वतः बघून, विचारून, मांडून काहीतरी उभं करायचं, असा तो होता. तू म्हणशील, मामा, ती प्राथमिक शाळा, माझ्यापुढे नववी-दहावी आणि बोर्डाची परीक्षा आहे. मग पाबळचं बघ. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेले, उद्योगातल्या संशोधनात मुरलेले शास्त्रज्ञ. त्यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या त्या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम काढला. पुढे तिथून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम हायस्कुलांत गेला. आठवड्यातला एक दिवस मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज, आरोग्य अशी हाताने करायची कामं शिकतात, तीही गावाला उपयोगी पडतील अशी. एसएससी बोर्डाने त्याला विषय म्हणून मान्यता दिली. म्हणजे बोर्डाची चौकट सांभाळूनही हे होऊ शकतं, तेही खेड्यातल्या साध्या हायस्कुलात.

तुझ्या वर्गाला तर पाबळला जायचीही गरज नाही. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गतीचे नियम आहेत. तुझ्यासमोर बसलेल्या कितीतरी मुलांच्या घरात सुट्टीला कांड्या भरल्या जातात. मागावर दांडीचा फटका बसला की धोटा या टोकाहून त्या टोकाला जातो. तिथे तो अडवला नाही तर काय होतं, धोटा उडाला की जवळचा माणूस का दचकतो, हे त्या मुलांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तो प्रश्न आधी विचार आणि जडत्व हा शब्द त्यानंतर फळ्यावर लिही. आम्ल-आम्लारीचं प्रकरण आलं की गुऱ्हाळातून बाटलीभर ताजा रस आणायला सांग. निळा लिटमस त्यात तांबूस होतो. मग चुन्याची निवळी थेंब थेंब घालत जायची. निवळी जास्त झाली की हळदीचा कागद लाल पडतो. गुळव्या काहिलीत चुना का घालतो आणि तो जादा झाला तर गूळ काळा का पडतो, हे कोडं पोरांना सोडवू दे. चुकीची उत्तरं येतील, येऊ देत. पाच मिनिटं गोंधळ होईल, तोही होऊ दे. उत्तर हाती लागल्यावर जो चेहरा खुलतो, त्याला मी तासाचा आनंद म्हणतो, आणि तो आधीच्या खटपटीशिवाय मिळत नाही. आमच्या वेळी प्रयोग म्हणजे फळ्यावरची आकृती असायची. गुऱ्हाळांच्या मुलखात राहून रसायनशास्त्र आम्ही पाठ केलं, याची हळहळ मला अजून वाटते.

आता पोर्शनचं. दहावीला विज्ञानाचे 40-40 गुणांचे दोन पेपर आणि 20 गुणांचं प्रात्यक्षिक असतं. पेपरात 'शास्त्रीय कारणे लिहा' असतंच. प्रश्न थोडा फिरवून विचारला की उतरवलेलं उत्तर उपयोगाला येत नाही. समजून केलेल्या एका तासामुळे पुढच्या तीन तासांची उजळणी वाचते, म्हणून वेळेचा हिशेबही माझ्याच बाजूने आहे. पट मोठा आहे, प्रयोगशाळेला कुलूप आहे, हे आक्षेप मात्र खरे आहेत. रोज असा तास होणार नाही. आठवड्यात एक झाला तरी पुष्कळ. सगळ्यात अवघड अडचण कच्च्या पायाची आहे. 2023 सालच्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सरळ वाचता आला नाही. अशा मुलाला फळ्यावरचं उत्तर उतरवून काय मिळणार? त्याला वाचायला वेगळा वेळ द्यावाच लागेल. पण तोपर्यंत धोटा आणि काहील यांच्याबद्दल तो बोलू शकतो, आणि वर्गात ज्याचं बोलणं ऐकलं जातं तो मुलगा शाळा सोडायला सहसा धजत नाही.

म्हणून पुन्हा त्या वाक्याशी येतो. मागावर जाणार म्हणून शिकवायचं नाही, हा न्याय कुठला? जो मागावर जाईल त्याला आपला माग कळायला नको का? पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43 फूट, हे आकडे आपल्याकडे पावसाळ्यात पोराटोरांच्या तोंडी असतात. तेच आकडे वर्तमानपत्रातून रोज टिपून मुलांनी आलेख काढला, तर पुढे नदीकाठच्या रुईत नाहीतर इंगळीत संसार करताना पाणी कधी घराकडे निघालंय ते त्यांना कळेल. कर्मवीर भाऊराव पाटील याच तालुक्यातल्या कुंभोजला जन्मले. रयतेच्या पोरांना शिकून काय करायचंय, असं त्यांनी मानलं असतं, तर आपल्या घरात कुणी मॅट्रिकही झालं नसतं.

जास्त बोललो असेन तर मनावर घेऊ नकोस. पहिलं वर्ष, परकं गाव, दिवसभर उभं राहून बोलायचं आणि संध्याकाळी वह्यांचे गठ्ठे. त्या थकव्यात माणूस नको ते बोलून जातो, आणि तू मनातून तशी नाहीस हे मला माहीत आहे. लहानपणापासून तुझं 'का?' कधी संपायचं नाही, तेवढंच त्या वर्गात घेऊन जा. घशाला गरम पाणी घेत जा, डबा वेळेवर खा. आणि या रविवारी इकडे ये. मामी वाट बघतेय, रस आणि चुन्याची निवळी मी आणून ठेवतो, वर्गात नेण्याआधी आपण दोघं मिळून करून बघू.

तुझा,
मामा