मऊ दगडाचे बेट: माल्टा पाहताना काय करावे, काय टाळावे

माल्टा हा अख्खा देश 316 चौरस किलोमीटरचा, बृहन्मुंबईपेक्षाही लहान. एवढ्याशा जागेत साडेपाच हजार वर्षांपूर्वीची देवळे आहेत, सोळाव्या शतकातली तटबंद राजधानी आहे, काराव्हाज्जोचे सर्वात मोठे चित्र आहे आणि दुसऱ्या महायुद्धातली भुयारे आहेत. हे बहुतेक सगळे तिथल्या पिवळसर चुनखडकात घडले आहे. खाणीतून नुकताच काढलेला हा दगड करवतीने कापता येतो, इतका मऊ. म्हणून त्यावर एवढी नक्षी चढली. आणि म्हणूनच ती खाऱ्या वाऱ्याने, घामट हातांनी, अगदी माणसाच्या श्वासानेही झिजते. तिथल्या पाट्यांवरची बरीचशी बंधने याच कारणाने आली आहेत. अनेकांना ती जाचक वाटतात. मला वाटते, ती याहून फार आधी यायला हवी होती.

काय करावे

• हायपोजियमचे तिकीट विमानाच्या तिकिटाआधी पाहा.
पाओला गावात, साध्या घरांच्या रांगेखाली, खडकात कोरलेली तीन मजली दफनभूमी आहे. तिचे नाव हाल साफ्लिएनी हायपोजियम. 1902 साली घरांसाठी पाण्याच्या टाक्या खोदताना ती मजुरांना सापडली. सुमारे 7,000 माणसांचे अवशेष इथे असावेत असा अंदाज आहे. छतावर गेरूने रंगवलेली वेटोळी अजून दिसतात. पण येणाऱ्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा त्या रंगाच्या मुळावर उठला, आणि 1990च्या दशकात अनेक वर्षे ही जागा बंद ठेवावी लागली. आता तासाला दहा माणसे, दिवसाला 80, एवढ्यांनाच आत सोडतात. त्यामुळे तिकिटे कित्येक आठवडे आधीच संपलेली असतात. आधी तारीख मिळवा आणि बाकीचा प्रवास तिच्याभोवती आखा. सहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. फोटो काढता येत नाहीत आणि सामान लॉकरमध्ये ठेवावे लागते.

आत गेल्यावर एक गोष्ट मुद्दाम पाहा. जमिनीवरच्या देवळांची दारे, तुळया आणि थराथराने आत झुकत जाणारे छत हे भुयार कोरणाऱ्या लोकांनी इथे अखंड खडकात कोरून काढले आहे. कार्ल्याच्या लेण्यात लाकडी कमानींचा घाट दगडात उतरवलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या हे चटकन ध्यानात येईल. वरच्या देवळांची छते केव्हाच गेली. ती कशी असतील, याचा अंदाज या भुयारातूनच येतो.

• आधी संग्रहालय, मग देवळे.
हा क्रम बहुतेक जण उलटा करतात आणि हाजार इमसारख्या ठिकाणी नुसते दगड पाहून परततात. मूळ मूर्ती आणि कोरीव शिळा राजधानी व्हॅलेटातल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात हलवल्या आहेत. जागेवर दिसतात त्यातल्या पुष्कळशा प्रतिकृती. संग्रहालयात दोन वस्तूंपाशी वेळ काढा. एक म्हणजे हायपोजियममध्ये सापडलेली निद्रिस्त स्त्री. मातीची मूर्ती जेमतेम 12 सेंटिमीटरची. कुशीवर वळलेली, एक हात डोक्याखाली घेतलेला, घागऱ्याला झालर आणि अंगभार पेलणारा पलंग. काचेला एक फेरी मारून मागची बाजूही बघा. दुसरी म्हणजे तारशिएनच्या देवळातली वेदी. तिच्या दर्शनी भागावरच्या नक्षीत एक दगडी बूच बेमालूम बसवले आहे. ते काढल्यावर मागच्या कोनाड्यात गारगोटीचे पाते आणि जनावरांची हाडे मिळाली. तारशिएनला गेलात की हीच वेदी कुठल्या दालनात कोणत्या बाजूला तोंड करून होती ते कळते, आणि ओसाड वाटणारी जागा भरून येते.

• सेंट जॉन को-कॅथीड्रलला अर्धा दिवस द्या, तोही सकाळचा.
गिरोलामो कासारच्या आराखड्यावर 1570च्या दशकात बांधलेले हे चर्च बाहेरून किल्ल्यासारखे रुक्ष आहे. आत मात्र रिकामी भिंत शोधून सापडत नाही. मात्तिया प्रेतीने 1660च्या दशकात भिंतींवरची नक्षी जागच्या जागी दगडात कोरवून घेतली आणि छतावर थेट दगडावर तैलरंगात सेंट जॉनचे आयुष्य रंगवले. कमानींच्या कडेला बसलेल्या आकृतींकडे खालून पाहिले की ते पुतळेच वाटतात. त्यांची सावलीसुद्धा रंगवलेली आहे. पायाखाली सेंट जॉनच्या पंथातल्या सुमारे 400 सरदारांच्या रंगीत संगमरवरी थडग्यांची फरशी आहे. सांगाडे, घड्याळे आणि तुताऱ्या असे सगळे वेगवेगळ्या रंगांचे दगड जडवून केले आहे. प्रवेशासोबत मिळणारे श्राव्य मार्गदर्शन घ्या. ते चांगले आहे.

• काराव्हाज्जोच्या चित्रासमोर बसा.
खून करून रोममधून पळालेला हा चित्रकार 1607 साली माल्टात आला. 1608च्या जुलैमध्ये त्याला सरदारकी मिळाली. थोड्याच दिवसांत मारामारीच्या प्रकरणात तो कैदेत पडला आणि सेंट अँजेलो किल्ल्यातून निसटला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पंथाने सभा भरवून त्याला काढून टाकले. ही सभा जिथे भरली, सेंट जॉन को-कॅथीड्रलच्या त्याच प्रार्थनागृहात त्याने रंगवलेला सेंट जॉनचा शिरच्छेद टांगलेला होता. आजही तो तिथेच आहे. चित्र पाच मीटरहून रुंद आहे. सगळी माणसे डाव्या अर्ध्यात दाटली आहेत. उजवीकडे अंधारी भिंत आणि गजांआडून बघणारे दोन कैदी, बस. जमिनीवर ओघळलेल्या रक्तात त्याने आपले नाव लिहिले आहे. त्याची सही असलेले हे एकमेव चित्र. गर्दी दाराशी उभी राहून फोटो काढते आणि निघते. तुम्ही बाकावर टेका. त्या रिकाम्या उजव्या बाजूचे वजन जाणवायला वेळ लागतो.

• हाजार इम आणि म्नायद्रा एका खेपेत पाहा.
दोन्हींच्या मध्ये अर्ध्या किलोमीटरचा उतार आहे आणि समोर समुद्र. 2009 पासून दोन्ही देवळांवर पांढरे तंबूसारखे छत आहे. ते दृश्य बिघडवते ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे, पण ती मला पटत नाही. ऊन, पाऊस आणि मिठाने हा दगड पापुद्र्यांनी सुटत होता. म्नायद्राच्या खालच्या देवळात विषुवदिनी उगवत्या सूर्याचा किरण दारातून सरळ आतल्या गाभ्यापर्यंत जातो. त्या पहाटेसाठी मोजकी तिकिटे निघतात. मार्च किंवा सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर जरूर प्रयत्न करा.

• ओढणी किंवा स्टोल जवळ ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर चर्चमध्ये अडवतात. पुरुषांनाही हा नियम आहे.

• एकत्रित पासाचा हिशेब करा. सरकारी संग्रहालये आणि स्मारके यांच्या पासात हायपोजियम येत नाही. सेंट जॉन को-कॅथीड्रलही येत नाही, कारण ते दुसऱ्या संस्थेकडे आहे.

• सेंट एल्मो किल्ल्यातले युद्ध संग्रहालय वगळू नका. 1942च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या राजाने या सबंध बेटाला दिलेले शौर्यपदक, जॉर्ज क्रॉस, तिथे आहे. किल्ल्याखालच्या बंदराशी आपल्याकडच्या माणसांचाही थोडा संबंध आहे. 1878 साली रशियाशी युद्ध पेटेल अशी चिन्हे दिसताच ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून काही हजार सैनिक माल्टात आणून उतरवले. त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. तटावर उभे राहून खालचे बंदर पाहताना हे माहीत असलेले बरे.

• अप्पर बराक्का बागेत दुपारी बाराच्या तोफेआधी पंधरा मिनिटे पोहोचा. कठड्याजवळची जागा लवकर जाते.

काय टाळावे

• टाचांचे बूट. सेंट जॉनमध्ये टोकदार टाचांना मनाई आहे. सगळ्या अंगाचा भार नखाएवढ्या जागेवर आला की जडवलेल्या संगमरवराचा टवका उडतो. व्हॅलेटाच्या उतरत्या गल्ल्यांत दगडी पायऱ्या पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत. तिथे कातडी तळव्याची कोल्हापुरीही घसरते. रबरी तळव्याचे बूट घाला.

• दगडाला हात लावणे. पाच हजार वर्षे टिकले, माझ्या एका बोटाने काय होणार, असे प्रत्येकाला वाटते. तारशिएनच्या कोरीव वेटोळ्यांच्या मूळ शिळा आत हलवाव्या लागल्या, त्या झीज होत होती म्हणूनच. मुलांना आधीच समजावून सांगा. आणि उंबऱ्यांवर, वेद्यांवर बसून फोटो तर मुळीच नको. 2001च्या एप्रिलमध्ये म्नायद्रात घुसून काहींनी पहारींनी साठेक शिळा उखडल्या, फोडल्या. त्या पुन्हा जागेवर बसवायला किती कष्ट पडले हे तिथल्या लोकांना अजून आठवते.

• फ्लॅश. विसरून सुरू राहतो, म्हणून दारातच बंद करा.

• चर्चला फक्त प्रेक्षणीय स्थळ समजणे. गोव्यात जुन्या चर्चमध्ये मिस्सा चालू असताना आपण जसे मागे थांबतो, तसेच इथेही. रविवारी सेंट जॉन पर्यटकांना बंद असते. मोस्ताच्या घुमटाच्या चर्चमध्ये 9 एप्रिल 1942 रोजी छत फोडून बाँब आत पडला. प्रार्थनेला सुमारे 300 माणसे जमली होती. तो फुटला नाही. गावकऱ्यांसाठी ही घटना आजही श्रद्धेचा विषय आहे. तिथे ठेवलेल्या बाँबच्या प्रतिकृतीला टेकून हसरे फोटो काढू नका.

• इम्दिनात मोठ्याने बोलणे. जुन्या राजधानीच्या त्या तटबंदीत आजही माणसे राहतात. उघड्या दारातून आत डोकावू नका. संध्याकाळी सहलींच्या बस गेल्यावर या, गल्ल्या मोकळ्या होतात.

• भर उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरची स्थळे. जुलै-ऑगस्टमध्ये देवळांच्या आवारात सावली फारच थोडी. त्या वेळी घार दालमची गुहा किंवा राबातमधली सेंट पॉलच्या नावाची भूमिगत थडगी पाहावीत. घार दालममध्ये खुज्या हत्तींची आणि पाणघोड्यांची हाडे मिळाली. लगतच्या छोट्या संग्रहालयातली जुन्या पद्धतीची, हाडांनी भरलेली कपाटे मला फार आवडतात.

• खडकांच्या कडांवर चढणे. शेजारच्या गोझो बेटावरची, समुद्रातली प्रसिद्ध नैसर्गिक कमान, अझूर विंडो, 8 मार्च 2017च्या वादळात कोसळली. तिच्यावर चालायला बंदी होती, दंडही होता, तरी लोक चढतच होते. गाडीवाल्याने आजही तिथे जायचा आग्रह केला तर आता काय उरले आहे हे विचारून मगच जा.

• गोझो अर्ध्या दिवसात उरकणे. हीच चूक सर्वात जास्त होते. चिरकेव्वाहून बोट साधारण 25 मिनिटांत पोहोचवते, म्हणून लोक दुपारी निघून संध्याकाळी परततात. जगान्तियाची देवळे इसवी सनपूर्व 3600च्या सुमाराची, इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची. त्यांची बाहेरची भिंत काही ठिकाणी सहा मीटरहून उंच आहे. ती एका राक्षसिणीने डोक्यावरून दगड वाहून बांधली, असे गावातले लोक सांगत आले. आधी आवारातल्या संग्रहालयात जा, मग भिंतीच्या मागच्या बाजूने पूर्ण फेरी घाला. सर्वात मोठ्या शिळा तिथे आहेत, आणि समोरून येणारे तिकडे फिरकतच नाहीत. रात्री मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिक्टोरियाच्या किल्ल्यात गर्दीआधी पोहोचता येते. मोठ्या बोटीचे भाडे जाताना घेत नाहीत, परतीच्या वाटेवर घेतात. धक्क्यावर तिकीटखिडकी शोधत बसू नका.