चोखामेळा-परिवाराच्या अभंगांतील अध्यात्म : एक अंतर्गत संवाद

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ (इ.स. १०६०) चा शिलालेख शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव जपून ठेवतो. मंदिराच्या उंबरठ्याबाहेर ठेवल्या गेलेल्यांची नावे अशी दगडावर कोरली गेली नाहीत. मराठीत ती टिकली ती अभंगाच्या नाममुद्रेत. चौदाव्या शतकातील चोखामेळा, त्याची पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, बहीण निर्मळा व मेहुणा बंका यांची वाणी वारकरी गाथेत समाविष्ट झाली आणि बहिष्कृतांचा शब्द संप्रदायाच्या धर्मग्रंथाचा भाग बनला.

या वाणीकडे केवळ 'नम्र भक्ती' म्हणून पाहण्याची रीत रूढ आहे. ती अपुरी होय. चोखामेळा एकीकडे आपल्या हीन जन्माचे कारण पूर्वकर्मात शोधतो, तर दुसरीकडे पंचमहाभूतांचा विटाळ सर्वांना सारखाच असताना सोवळा कोण, असा प्रश्न करतो. सोयराबाई हाच विचार देहापर्यंत नेते : विटाळ देहातच उपजतो, मग त्याविना देह कोणाचा? कर्ममेळा याहून पुढे जातो. हीन याती व उष्ट्या अन्नावर गेलेला जन्म यांचा जाब तो थेट देवालाच विचारतो. पित्याने स्वीकारलेले कर्मविपाकाचे उत्तर पुत्राला पुरत नाही.

तात्पर्य, शरणागती व तक्रार ही येथे परस्परविरोधी नाहीत. ज्याच्याशी नाते आहे त्याच्याशीच भांडता येते. म्हणून देवाला विचारलेला जाब हेही भक्तीचेच रूप ठरते.

मात्र या अध्यात्माची मर्यादाही नोंदवली पाहिजे. परंपरेनुसार मंगळवेढ्यास वेठीचे काम करताना गावकूस कोसळून चोखामेळ्याचा अंत झाला (इ.स. १३३८) आणि त्याची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराशी, म्हणजे मंदिराबाहेरच, बांधली गेली. ते मंदिर अस्पृश्यांना खुले होण्यास १९४७ साल उजाडावे लागले व त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ नंदनार व रविदास यांच्यासह चोखामेळ्याच्या स्मृतीस अर्पण केला. तथापि १९५६ मध्ये त्यांनी निवडलेला मार्ग बौद्ध धम्माचा होता. संताविषयीचा आदर आणि त्याच्या उत्तराचा अस्वीकार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी संभवतात.

म्हणूनच अध्यापनात चोखामेळ्याचे निवडक अभंग सुटे न वाचता सोयराबाई व कर्ममेळा यांच्यासह वाचणे अगत्याचे आहे. एकट्या चोखामेळ्यात जी शरणागती वाटते, तीच कुटुंबाच्या एकत्र वाचनात अनुत्तरित प्रश्नाचे रूप घेते.