ग्रॅव्हिटी मोजायची काच

पोरी, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं काम अंगावर घेते आहेस, तर सगळ्यात आधी हायड्रोमीटर बघून घे. क्लॅम्पमीटर, मोठा चार्जर मागाहून आला तरी चालेल. बॅटरी उतरते तेव्हा ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांवर जातं आणि द्रव हलका होतो. सेलची खरी अवस्था त्या द्रवात असते, आणि हायड्रोमीटर त्याचीच ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत तो किती जड, ते मोजतो. झाकणांवरच्या लाल-हिरव्या तरंगत्या दांड्या फक्त पाण्याची पातळी सांगतात. दांडी वर आहे म्हणून बॅटरी भरली असं गिऱ्हाईक म्हणेल, त्याला प्रेमानं समजाव.

आपल्याकडच्या बहुतेक ट्यूब्युलर बॅटऱ्या भरल्यावर १.२४० ग्रॅव्हिटीच्या आसपास येतात, ज्याला सगळे ‘बाराशे चाळीस’ म्हणतात. नेमका आकडा कंपनीच्या कार्डावर बघ. भरलेली आणि उतरलेली यांत अंतर साधारण शंभर पॉइंटांचं, एक पॉइंट म्हणजे ०.००१. म्हणजे यंत्र दहा पॉइंट चुकलं की तुझा अंदाज जवळपास दहा टक्क्यांनी चुकला. म्हणून रंगीत गोळ्या तरंगणारा किंवा प्लॅस्टिकच्या काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर घेऊ नकोस. गोळी तरंगली की बुडाली एवढंच त्यात कळतं, आणि काट्याला बुडबुडा चिकटला की तो खुशाल वर चढतो. काचेचा फ्लोट घे, पाच-पाच पॉइंटांच्या रेघांचा, आणि नळी इतकी रुंद की फ्लोट कडेला घासणार नाही.

घेतलेली काच तपासल्याशिवाय वापरायची नाही. दांडीच्या आत आकड्यांची कागदी पट्टी असते, ती जरा सरकली की सगळे आकडे खोटे. डिस्टिल वॉटरमध्ये बघायला जाशील तर पट्टी बहुधा १.१००पासून सुरू होते, पाण्याचा १.००० त्यावर सापडतच नाही. मग घरचं मीठ घे. पाव लिटर डिस्टिल वॉटरमध्ये शंभर ग्रॅम मीठ टाकून ढवळ आणि रात्रभर ठेव. तळाशी थोडं मीठ न विरघळता उरलं पाहिजे. वरचं स्वच्छ पाणी साधारण १.२०० दाखवतं. तुझी काच तिथे १.१८५ म्हणाली तर ती परत कर. तपासून झाल्यावर मात्र डिस्टिल वॉटरनं तीन-चारदा धू, कारण मिठातलं क्लोराइड बॅटरीत गेलं की प्लेटा खातं.

रिफ्रॅक्टोमीटरबद्दल विचारशील. दोन थेंबांत काम होतं, त्यामुळे पाणी खाली गेलेल्या सेलमध्ये किंवा अडचणीच्या जागी तो उपयोगी आहे. पण त्याच्या पट्टीवर रेघा सहसा दहा-दहा पॉइंटांच्या असतात. काचेतून बघायचं म्हणून तो जास्त अचूक, असं मी मानत नाही. शिवाय त्याचा हिशेब बहुतेक वेळा २० अंशांचा असतो, आणि आपल्याकडे कंपन्या आकडा २७ अंशांचा देतात. म्हणजे त्यावर १.२४५ दिसलं तर ते तुझे १.२४०. त्याची तपासणी डिस्टिल वॉटरनं पाण्याच्या रेघेवर करायची. मिठाचं पाणी तिथे चालत नाही.

तापमानाचा हिशेब कधी सोडू नकोस, कारण चांगली काचही त्याच्याशिवाय फसवते. २७च्या वर दर अंशाला ०.०००७ मिळवायचे, खाली तेवढेच वजा करायचे. नागपुरात मे महिन्यात द्रव ४२ अंशांवर असला, तर १.२३० दिसलेले खरे १.२४० असतात. हे न कळल्यामुळे कितीतरी चांगल्या बॅटऱ्यांत लोक वरून ॲसिड ओततात आणि प्लेटा जाळतात. तू फक्त डिस्टिल वॉटरच घालायचं. तापमान द्रवाचं घ्यायचं, खोलीचं नाही. ॲसिडला चालेल असा काचेचा थर्मामीटर वेगळा ठेव.

पाणी घातल्यावर लगेच मोजू नकोस. ते वर तरंगत राहतं आणि आकडा खोटा येतो. चार्ज होताना बुडबुड्यांनी मिसळू दे. मोजताना द्रव दोनदा ओढून त्याच सेलमध्ये सोड, तिसऱ्यांदा डोळ्याच्या पातळीवर धरून वाच. डोळ्यांवर चष्मा हवा, जवळ सोड्याचं पाणी हवं, आणि आसपास कुणी बिडी पेटवू देऊ नकोस. सहाही सेलचे आकडे वहीत लिही. एखादा सेल इतरांहून पन्नास पॉइंट मागे असेल, तर दुखणं तिथे आहे.

शेवटी मल्टीमीटरशी ताळा घाल. ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवले की सेलचा व्होल्टेज येतो. १.२४०ला २.०८, सहा सेलचे १२.४८. बॅटरी चार्जरवरून काढून काही तास तशीच राहू दे, मगच व्होल्टेज घे, नाहीतर तो फुगलेला दिसतो. तरीही ताळा जमला नाही, तर आधी वरचं आणि खालचं ॲसिड सारखं मिसळलंय का बघ, मग काच पुन्हा मिठाच्या पाण्यात घाल, आणि त्यानंतरच सेलला बोल लाव.